लकव्यानंतर हातापायाची ताकद आणि डोकं: घरी दोन्हींचा व्यायाम एकत्र कसा घ्यावा

लकवा (म्हणजे मेंदूचा झटका, स्ट्रोक) होऊन गेलेल्या माणसाच्या घरी फिजिओथेरपीला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. हात कधी उचलेल? काठी कधी सुटेल? डोक्याबद्दल कोणी काही विचारत नाही. महिना-दोन महिन्यांनी चहाचा कप हातात देताना सूनबाई हळूच म्हणतात, ‘मॅडम, बाबूजी आजकाल खूप भुलतात. तेच तेच विचारतात. वयानं होत असन ना?’

वयाचा वाटा असतोही. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनानुसार लकव्यानंतरच्या पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांत स्मरण, लक्ष, भाषा किंवा कामाची आखणी यांत कुठेतरी घट दिसते. म्हणजे हे भुलणं लकव्याचाच भाग असण्याची शक्यता बरीच आहे. तरी आपल्याकडे हातापायाचं खातं फिजिओथेरपीत आणि डोक्याचं खातं देवाच्या भरवशावर, अशी वाटणी झालेली असते. ही दोन खाती एकच धरून व्यायाम कसा आखायचा, ते इथे सांगते.

जे दवाखान्यातून घरी आलेत, ज्यांची तब्येत स्थिर आहे आणि जे आधाराने का होईना उभे राहू शकतात, त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं. पहिल्या दिवसांत घाई नको. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या ‘अव्हर्ट’ या चाचणीत पहिल्या २४ तासांतच उठवून खूप हालचाल करायला लावलेल्यांचा निकाल इतरांपेक्षा थोडा वाईटच लागला. तिथे दवाखान्यातली टीम सांगेल तेवढंच.

ताकदीचा आणि डोक्याचा काय संबंध?

मूठ किती जोरात आवळता येते हे मोजायला डायनॅमोमीटर नावाचं यंत्र असतं. आकडा किलोत येतो. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे पुरुषांची पकड २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली गेली की स्नायू अशक्त मानतात. ज्यांची पकड कमी, त्यांना लक्ष आणि विचारांचा वेग तपासणाऱ्या चाचण्यांत सरासरीने गुणही कमी पडतात. हे बऱ्याच देशांतल्या वयस्क लोकांत दिसलंय, लकवा होऊन गेलेल्यांतही दिसलंय. लकव्यात ‘चांगली’ म्हणतात ती बाजूही पहिल्यासारखी राहत नाही, तिचीही ताकद उतरते.

याची कारणं गुंतलेली आहेत. ज्या बीपी-शुगरने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यानेच स्नायूंचंही नुकसान होतं. स्नायू राबले की शरीरात साखर नीट वापरली जाते, रक्तपुरवठा सुधारतो आणि चेतापेशींना पोसणारी काही द्रव्यं वाढतात. शिवाय एक अगदी घरगुती कारण आहे. पायात जीव नसला की माणूस दिवाणावरून उठत नाही. दुकानात जात नाही, सुट्टे पैसे मोजत नाही, कोपऱ्यावर कोणाशी बोलत नाही. मेंदूची रोजची कामंच बंद पडतात. पडून राहणं स्नायूंना किती महाग पडतं पाहा: धडधाकट वयस्क लोकांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचं जवळपास १ किलो मांस झडलं.

मग ताकद वाढवली की बुद्धी सुधारते का? काही प्रमाणात, हो. २०१७ मध्ये १४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यांत मिळून ७३६ रुग्ण होते. व्यायामाचा फायदा छोटा ते मध्यम निघाला. तो मुख्यतः लक्ष आणि विचारांच्या वेगात दिसला, आणि दम वाढवणारा व्यायाम व ताकदीचा व्यायाम दोन्ही घेणाऱ्यांत सर्वांत जास्त. त्या रुग्णांना लकवा होऊन सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. २०२२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला १२० जणांवर चाचणी झाली. सगळ्यांना लकवा होऊन किमान वर्ष झालेलं. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, सहा महिने व्यायाम करणारा गट बुद्धीच्या चाचणीत नुसतं ताणणं आणि तोल सांभाळणं करणाऱ्या गटापेक्षा पुढे गेला.

म्हणून ‘सहा महिने झाले, आता जे व्हायचं ते झालं’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. हाताच्या हालचाली पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झपाट्याने येतात हे खरं आहे, पण ताकद आणि लक्ष नंतरही वाढतं. दुसरीकडे, ‘एकवीस दिवसांत स्मरणशक्ती परत’ असं पॅकेज कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

आणि तो रबरी चेंडू! लकवा म्हटलं की पाहुणे संत्री आणि चेंडू घेऊन येतात. संत्री खावी. चेंडूचं मात्र सांभाळून. मुठीची पकड हे अख्ख्या शरीराच्या ताकदीचं मोजमाप म्हणून उपयोगी आहे. चेंडू दाबून मोजमाप वाढवलं तरी पाय आणि डोकं आहे तिथेच राहतं. ज्यांची बोटं आधीच आवळून आत वळतात, त्यांना तर उघडण्याचा सराव हवा असतो. खरी मेहनत मांड्यांवर घ्या.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: ताकदीचा व्यायाम चालेल का, बीपी किती असला तर त्या दिवशी करू नये, आणि हृदयाची काही अडचण आहे का. ज्यांना मेंदूत रक्तस्राव झाला होता त्यांनी हे विचारल्याशिवाय सुरूच करू नये. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर बसल्या जागी बीपीचा वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या पुढे असला की त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम नको.

भुलण्यामागे कधी कधी दुरुस्त होण्यासारखं काहीतरी निघतं. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत हमखास तपासा), थायरॉइड, ऐकू कमी येणं, झोपेत श्वास अडकणं, झोपेच्या गोळ्या. लकव्यानंतर जवळपास तीनातल्या एकाला नैराश्य येतं, आणि ते वरवर पाहता विसरभोळेपणासारखंच दिसतं. माणूस एक-दोन दिवसांतच एकदम भ्रमिष्टासारखा बोलायला लागला तर लघवीचा संसर्ग किंवा सोडियमची गडबड असू शकते. अशा वेळी व्यायामाचं नाव काढू नका, दवाखाना गाठा.

पहिली पायरी: वहीत चार आकडे

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख टाकून चार गोष्टी लिहा. दर चार आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच खुर्चीवर परत मोजा.

१. पाच वेळा उठ-बस. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, मोबाइलवर वेळ लावून. धडधाकट वयस्कांत १२ सेकंद किंवा जास्त लागले की पाय अशक्त समजतात. लकव्यानंतर २५-३० सेकंद लागले तरी घाबरू नका, आपल्याला फक्त स्वतःच्याच मागच्या आकड्याशी तुलना करायची आहे. हात टेकल्याशिवाय जमतच नसेल तर तसं लिहा.

२. चार मीटर चाल. फरशीवर खडूने दोन रेघा, मध्ये चार मीटर. रेघेच्या थोडं मागून चालायला सुरुवात करायची, नेहमीच्या वेगाने. पाच सेकंदांत पार केलं तर माणूस रस्त्यावर, बाजारात बऱ्यापैकी वावरू शकतो. दहा सेकंदांहून जास्त लागत असतील तर सध्या घरातलंच चालणं.

३. एक मिनिटात भाज्यांची नावं. किती आली ते लिहा, तीच तीच आली असतील तर तेही लिहा. बोलण्याचाच त्रास असेल तर हे सोडा. त्याऐवजी पत्त्यांचा कॅट द्या आणि लाल-काळे वेगळे करायला किती वेळ लागतो ते पाहा. शब्द न सापडणं आणि आठवण नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

४. चालता चालता बोलणं. पुन्हा तीच चार मीटर चाल, पण या वेळी २० पासून उलटे आकडे म्हणत. किती सेकंद वाढले?

या चौथ्या आकड्यातच सगळं कळतं. नागपुरात सक्करदऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांकडे मी जात असे. दोन महिन्यांत काठीशिवाय चालायला लागले, घरचे खूश. मी बाजूने चालत त्यांना विचारलं, ‘सर, काल जेवायला काय होतं?’ ते जागच्या जागी थांबले, विचार केला, ‘झुणका,’ म्हणाले आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. पायात ताकद आली होती, पण चालणं अजून आपोआप होत नव्हतं. सगळं लक्ष पायालाच लागत होतं, उत्तरासाठी शिल्लक काही नव्हतं. अशी माणसं घरात सावध असताना पडत नाहीत. दाराची बेल वाजते, कोणी हाक मारतं, आणि तेव्हा पडतात.

दुसरी पायरी: ताकद

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे लकव्यानंतर ताकदीचे व्यायाम आठवड्यातून २-३ दिवस, प्रत्येक व्यायाम १० ते १५ वेळा, १ ते ३ फेऱ्या. मध्ये एक दिवस विश्रांती. ‘ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो’ ही भीती जुनी आहे. तपासून पाहिल्यावर तसं आढळलेलं नाही.

एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी बिनदिक्कत खुर्चीवरून उठ-बस निवडते. कमोडवरून उठणं, ऑटोत चढणं, पलंगावरून उतरणं, सगळं त्यातच येतं. म्हणून तो नीट बघू.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची नको, सरकते. उंची साधारण १८ इंच, सुरुवातीला जमत नसेल तर वर घट्ट घडी केलेली सतरंजी टाकून उंच करा. पेशंटने पुढच्या काठाशी सरकून बसायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, दोन्ही टाचा जमिनीला. आता लकव्याच्या बाजूचं पाऊल दुसऱ्यापेक्षा अर्धी वीत मागे घ्या. नाही घेतलं तर सगळा भार चांगल्या पायावर जातो, आकडा सुधारतो आणि अशक्त पाय तसाच राहतो. हातांची बोटं एकमेकांत गुंफून समोर. नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, मग उठायचं. बहुतेक जण न वाकता उठायला जातात आणि मागे धपकन पडतात. उठताना श्वास सोडायचा, कुंथायचं नाही, श्वास रोखला की बीपी उसळतो. बसताना मनात चारपर्यंत मोजत सावकाश. खरी ताकद या सावकाश बसण्यात वाढते, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

मदत करणाऱ्याने लकव्याच्या बाजूला उभं राहायचं. आधार कमरेला द्यायचा, रुंद पट्टा बांधला तर उत्तम. अशक्त हाताला धरून ओढणं, बगलेत हात घालून उचलणं अजिबात नको, खांदा निखळतो. दोरी-चक्री लावून तो हात डोक्यावर खेचणंही नको.

पंधरा वेळा सहज व्हायला लागलं की सतरंजीची घडी काढा. तेही सोपं झालं की कापडी पिशवीत किलोभर तांदूळ घालून छातीशी धरायला द्या. व्यायाम ‘थोडा अवघड’ वाटला पाहिजे. शेवटच्या दोन-तीन वेळा चेहऱ्यावर मेहनत दिसावी, पण वाक्य बोलता यावं.

बाकीचे थोडक्यात. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्याच्या कडेने आडवं, खेकड्यासारखं चालणं. पलंगावर उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. दाराच्या पायरीवर अशक्त पाय ठेवून चढ-उतार. आणि हातासाठी खरीखुरी कामं: पेला पुसणं, बरणीचं झाकण फिरवणं, चिवड्यातले शेंगदाणे वेचणं. पाच-सहा प्रकार पुरेत, पण ते सुटू नयेत.

तिसरी पायरी: त्याच व्यायामात डोकं घाला

पहिले दोन-तीन आठवडे नुसती हालचाल पक्की होऊ द्या. ती न अडखळता जमली की डोक्याचं काम मिसळायचं. आधी बसून, मग ओट्याला धरून उभं राहून, मग चालताना. एक नियम सोडायचा नाही: पाऊल अडखळलं की बोलणं बंद, पाऊल आधी.

उठ-बसमध्ये: तुम्ही आकडे सांगा. सम आकडा आला की उठायचं, विषम आला की बसून राहायचं. चार, उठ. सात, बसा. नऊ, बसा. दहा, उठ. दिसायला पोरखेळ आहे, पण उठायची तयारी झालेली असताना स्वतःला रोखणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं मोठं काम आहे, आणि रस्ता ओलांडताना तेच लागतं. आठवड्याने नियम उलटा करा. गोंधळ उडेल, हसूही येईल. हसू आलं तर बरंच.

टाचा उचलताना: शंभरातून तीन-तीन वजा करत जाणं. मराठीत पाढे पाठ असलेल्या पिढीला सव्वा-दीडकी विचारा, त्या ऐकताना मीच मागे पडते.

चालताना: नागपूर मेट्रोची स्टेशनं. सीताबर्डी, काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक, छत्रपती चौक. सरळ झालं की उलट. मेट्रो जवळची वाटत नसेल तर बर्डीहून आपल्या घरी येताना लागणारे चौक विचारा. माणसाच्या आयुष्यातलं काहीतरी घ्या. किराणा दुकान चालवलेल्या काकांना मी मालाचे भाव विचारते, शेती केलेल्यांना कोणत्या नक्षत्रात काय पेरतात ते. एका आजींना वडाभाताची कृती क्रमाने सांगायला लावली. त्या मध्येच थांबून मला रागावल्या, ‘तुला हेही माहीत नाही?’ पण पाय चालत राहिले होते.

डाव्या अंगावरून लकवा गेलेल्या काही जणांना डावीकडचं जगच जाणवत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा धडकतो. त्यांच्यासाठी वस्तू मुद्दाम डावीकडे ठेवा, पण त्यांना डावीकडे वळायला आठवण करून देत, आणि चालताना तुम्ही त्याच बाजूला राहा.

आठवड्यातून एकदा एक अख्खं काम त्यांच्यावर सोपवा. चहा करणं घ्या. दूध काढणं, कप मोजणं, साखर घातली की नाही हे लक्षात ठेवणं, गॅस बंद करणं. शेजारी उभे राहा, हात लावू नका, आणि चुकले तर लगेच सांगू नका. दहा सेकंद थांबा. या दहा सेकंदांत घरच्यांचा जीव कासावीस होतो, पण चूक स्वतःला दिसणं हाच तिथला व्यायाम आहे. गॅस मात्र तुमच्या नजरेखाली.

‘ऐकतच नाहीत हो’

सर्वांत अवघड भाग हा आहे. व्यायाम कोणता, हे पाच मिनिटांत सांगून होतं. तो होत का नाही, यावर तास जातो.

लकव्यात पुढाकार घेण्याची यंत्रणाच मंद होऊ शकते. माणसाला व्यायाम करायला हरकत नसते, पण सुरुवात होत नाही. विचारलं तर ‘करतो ना’ म्हणतात आणि तासाभराने तिथेच बसलेले असतात. घरच्यांना तो आळस किंवा हट्ट वाटतो. मुलगा ओरडतो, बाप मान खाली घालतो, व्यायाम राहतोच. ताकदीचा आणि डोक्याचा संबंध इथे उलट्या दिशेने चालतो: डोकं सुरुवात करू देत नाही म्हणून पाय अशक्त राहतात. म्हणून सुरुवात त्यांच्यावर सोडू नका.

‘व्यायाम करता का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नंतर’ असं येतं. वेळ एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा. सकाळच्या चहानंतर कप खाली ठेवला की खुर्ची भिंतीला. सूचना एका वेळी एकच. ‘उठा, वाका, पाय मागे घ्या, हात गुंफा’ अशी माळ लावली तर तिसऱ्या शब्दापर्यंत पहिला गेलेला असतो. बोलण्यापेक्षा करून दाखवा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत चार ओळींचा कागद लावा आणि झाल्यावर त्यांनीच बरोबरची खूण करायची, अशक्त हाताने जमली तर त्या हाताने.

दुपारी चारला चिडचिड होत असेल तर सकाळी घ्या. तीस मिनिटं एकदम होत नसतील तर दहा-दहाचे तीन तुकडे करा. चार दिवस आजारपणात किंवा लग्नाच्या गडबडीत गेले तर परत सुरू करताना निम्म्याने करा.

चालणं, उन्हाळा आणि ताट

ताकदीच्या मधल्या दिवसांत दम वाढवणारं चालणं ठेवा, आठवड्यातून ३ ते ५ दिवस, हळूहळू २० मिनिटांपर्यंत आणि पुढे. हिवाळ्यात नागपूरसारखं सुख नाही: अंबाझरी, महाराजबाग, सेमिनरी हिल्सचं जपानी गार्डन. पहाटेच्या कडाक्यात मात्र नको, ऊन अंगावर आल्यावर निघा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा घरातच, हॉल ते व्हरांडा. कूलरची वायर आणि त्याचं सांडलेलं पाणी वाटेतून आधी हटवा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी आणि गोळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा, गिळण्याची तपासणी लागते.

स्नायू वरण-भातातल्या भातावर बांधले जात नाहीत. वयस्क माणसाला रोज वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. झुणका, मुगाचं धिरडं, दही, पनीर, सगळं चालतं. विदर्भात सोयाबीन पिकतं पोत्यांनी आणि ताटात येतं चिमूटभर, हे मला नेहमी खटकतं. मिठाची मात्र काटछाट करा: दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. पापड, लोणचं, सावजीची तर्री यांना या घरात आता पाहुण्यासारखं वागवावं लागेल. लकव्यानंतर बीपी बहुतेकांत १३०/८० च्या खाली ठेवायचा असतो, आणि दुसरा झटका टाळणं हे डोक्यासाठी कुठल्याही व्यायामापेक्षा मोठं काम आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरीन चालू असेल तर पालेभाजी बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

व्यायामात किंवा एरवीही चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हातपाय गळाला, बोलणं अडखळलं, अचानक दिसेनासं झालं, तर वेळ बघून ठेवा आणि लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘झोपून उठल्यावर बघू’ नको, तेल चोळत बसणं तर मुळीच नको.

कोणाला दाखवायचं?

नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांत जाल तेव्हा फिजिओथेरपीबरोबर ऑक्युपेशनल थेरपीचीही चौकशी करा. हाताचं काम आणि विचारांचं काम एकत्र तपासणारे हे लोक, आणि नेमके तेच बहुतेक घरांना माहीत नसतात. वही सोबत न्या. ‘थोडं बरं आहे’ यापेक्षा ‘उठ-बस ३१ सेकंदांवरून २२ वर आली, पण बोलत चालताना अजून थांबतात’ हे ऐकल्यावर पुढचा सल्ला नेमका मिळतो. स्मरणाची औपचारिक चाचणी मराठीत करून मागा.

आणि स्कूटर?

हा प्रश्न नागपुरात शेवटी येतोच. पाय चालतो, हात ब्रेक दाबतो, मग गाडी का नको? कारण गाडीवर हातापायांच्या ताकदीपेक्षा लक्षाचं काम जास्त असतं. आरशात बघत, सिग्नल पाहत, डावीकडून घुसणाऱ्या ऑटोचा अंदाज घेत ब्रेक लावायचा असतो, म्हणजे आपण वर केलेलं चौथं मोजमाप, ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने. उलटे आकडे म्हणत चालताना जे अजून अडखळतात, ताटातली डावीकडची भाजी ज्यांची राहते, किंवा ज्यांना एका बाजूचं दिसत नाही, त्यांच्या गाडीची किल्ली तूर्तास कपाटात ठेवा. बाकीच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेचं क्षेत्र तपासून घ्यावं, न्यूरोलॉजिस्टचा लेखी होकार घ्यावा, आणि मग रविवारी सकाळी, रिकाम्या मैदानात, मागे कोणालाही न बसवता सुरुवात करावी.